दहापैकी दहा

डॉक्टर मिर्याम तिसऱ्यांदा पालोमार गावात आल्या, तेव्हा ऑर्फिलियाने घाईघाईने तवा चुलीवर चढवला. पहिल्या खेपेला त्यांनी तिचा भाऊ आर्नुल्फो काय खातो ते विचारलं होतं. दुसऱ्या खेपेला झोप किती, दारू किती, लहानपणी डोक्याला मार लागला होता का, अशी चौकशी झाली. आता त्या सरळ स्वयंपाकघरात येऊन बाकावर बसल्या होत्या आणि तव्यावर मक्याच्या जाड भाकरीसारखा अरेपा भाजला जाताना बघत होत्या. मांडीवर वही उघडी होती.

"मका कुठला हा, ऑर्फिलियाबाई?"

"सगळ्यांचा असतो तोच. खालच्या दुकानातला."

डॉक्टरबाईंनी तेही लिहून घेतलं. ऑर्फिलियाने अरेपा उलटला आणि बोट भाजून घेतलं. आपल्या भावाच्या नावाने एवढी शिकलेली बाई वहीत दुकानाचा मका लिहून घेते आहे, हे बघून तिला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. कारण आर्नुल्फोच्या हुशारीचं खरं कारण मक्यात नव्हतं, झोपेत नव्हतं, दारूतही नव्हतं. ते त्याच्या विजारीच्या उजव्या खिशात होतं, आणि तिथे ते ऑर्फिलियाने ठेवलं होतं.

आमच्या या डोंगरात बोबेरा कुणाला नवा नाही. काही घराण्यांत तो जमिनीसारखा वारशाने येतो. चाळिशी उलटली की माणूस आधी शब्द विसरतो, मग वाट, मग पोरांची नावं, आणि पन्नाशीत लहान मूल होऊन बसतो. आई किंवा बाप तसा गेला असेल, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला तो येण्याची शक्यता निम्मी. जुनी माणसं याला शाप म्हणत, कुणी एखाद्या बाधणाऱ्या झाडाला हात लावल्याचं निमित्त सांगत. मग मेदेयिन शहरातून डॉक्टर मंडळी आली, रक्त घेतलं, डोक्याचे फोटो काढले, आणि सांगितलं की शाप-बिप काही नाही, रक्तातली एक चूक आहे. ही चूक ज्याच्यात असते, त्याच्या मेंदूत अठ्ठावीस-तिशीपासूनच एक प्रकारचा गाळ साचायला लागतो. माणूस चांगला हसतो-खेळतो, लग्न करतो, दूध काढतो, आणि आत गाळ साचत राहतो. विसरणं पंधरा वर्षांनी सुरू होतं. "या पंधरा वर्षांत आम्हाला आत शिरायचं आहे," असं डॉक्टर मिर्याम चर्चच्या सभागृहात म्हणाल्या होत्या. "एकदा विसरायला लागल्यावर फार उशीर झालेला असतो."

म्हणून घराण्यातली माणसं दर वर्षी बसने मेदेयिनला जात. गाळ आहे की नाही हे कुणालाच सांगत नसत, तसा नियमच होता, आणि बहुतेकांना ते ऐकायचंही नव्हतं. डोक्याचा फोटो झाला की एक मुलगी समोर बसून दहा शब्द वाचून दाखवायची, इकडचं तिकडचं विचारायची, आणि मग म्हणायची, आता ते शब्द सांगा.

आता खरं सांगायचं तर ही तपासणी होती, परीक्षा नव्हती. पण आमची माणसं! समोर कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं की आम्हाला शाळाच आठवते, आणि नापास व्हायचं म्हटलं की मान खाली जाते. परतीच्या बसमध्ये जो तो आपापले शब्द आठवायचा. कुणाला तीन आठवले, कुणाला पाच. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला ते सांगायचे. आमच्याकडे कोंबडीचं अंडंसुद्धा कुणी एकट्याने खात नाही, तर शब्द कसे ठेवतील? शब्द दर वर्षी तेच, फक्त क्रम वेगळा. असं करत करत चार-पाच वर्षांत दहाच्या दहा गोळा झाले. दगड, बादली, घंटा, पत्र, गवत, राणी, शिडी, साबण, होडी, दिवा.

आर्नुल्फो चाळीस वर्षांचा असताना त्याला चारच आठवले होते. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून रडला. ऑर्फिलिया सोबती म्हणून बरोबर होती. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, आणि तेव्हाच शेचाळीस पार करून शाबूत. आपल्या वाट्याला ते आलेलं नाही हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्याचीसुद्धा तिला मनातून लाज वाटे. आईचा तोच आजार, अकरा वर्षं. आईला भरवणं, धुणं, पळाली की शोधून आणणं, सगळं तिने एकटीने केलं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर तिने आईची जपमाळ काढली. पाच दशकं, प्रत्येक दशकात दहा मणी. "हे बघ," ती भावाला म्हणाली, "पहिला मणी दगड. दुसरा बादली. रोज संध्याकाळी माझ्याबरोबर म्हणायचं."

"देवाची माळ आहे ताई, पाप लागेल."

"लागू दे. मला लागेल."

रोज संध्याकाळी साडेपाचला, गावात रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू व्हायच्या आधी, बहीण-भाऊ स्वयंपाकघरात बसून दगड-बादली म्हणू लागले. पुढच्या वर्षी आर्नुल्फो हात खिशात घालून त्या मुलीसमोर बसला आणि दहापैकी दहा शब्द त्याने सांगितले. खिशात जपमाळ धरून बसणारे आमच्याकडे निम्मे असतात, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. घड्याळाचं चित्र काढ, ठोकळे जुळव, असल्या गोष्टींत तो जेमतेम होता. पण शाळा तिसरीपर्यंतच झालेली, म्हणून तिकडे कुणी फार बघितलं नाही. मग सोबत्याचा कागद ऑर्फिलियापुढे आला. गेल्या वर्षभरात काही बदल जाणवला का? तिने 'नाही' लिहिलं. सलग सहा वर्षं लिहिलं.

आता आर्नुल्फो शेचाळीसचा. त्याच्याबरोबरचे दोघं चुलतभाऊ स्वतःचं घर ओळखेनासे झाले होते, आणि हा दहापैकी दहा. डॉक्टर काही बोलत नव्हत्या, पण तीनतीनदा येऊन मका लिहून घेत होत्या, त्यावरून गावाने काय ते ओळखलं. याच्या डोक्यात गाळ आहे, तरी हा विसरत नाही! याच्यात काहीतरी आहे जे त्या गाळाला पुरून उरतं! बायका पोरांना घेऊन येऊ लागल्या, आर्नुल्फोने डोक्यावर हात ठेवावा म्हणून. शेजारच्या कार्मेन्साबाईची जीभ कुणाला आवरली आहे? ती कुंपणावरून ओरडायची, "अगं ऑर्फिलिया, भावाच्या आंघोळीचं पाणी फेकू नकोस हं, आमच्या नवऱ्याला पाजते!" सगळे हसत. आर्नुल्फोही हसे. विनोद कुठला ते त्याला हल्ली कळत नसे, पण सगळे हसले की तो हसायचा. हे फक्त ऑर्फिलियाला ठाऊक होतं.

हेही एक वेळ खपलं असतं. पण फेब्रुवारीत युलियाना आली होती. आर्नुल्फोची एकुलती मुलगी, तेवीस वर्षांची. तिची आई शहरात निघून गेल्यावर ऑर्फिलियानेच तिच्या वेण्या घातल्या होत्या. लग्नाच्या आधीच युलियानाने नवऱ्याला बजावलं होतं की मूल नाही म्हणजे नाही, मी आजीला बघितलंय. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"आत्या, एक विचारते, खरं सांग. बाबा खरंच चांगले आहेत ना? तू चोवीस तास त्यांच्याबरोबर असतेस."

ऑर्फिलिया घेवडा निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

"दहापैकी दहा घेतो तुझा बाप. तुला आणि काय पाहिजे?"

"मग मी... म्हणजे आम्ही विचार करतोय."

"करा की! घरात पाळणा हलला तर मला नको का?"

आता युलियानाला पाचवा महिना होता.

डॉक्टरबाई अरेपा खाऊन उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या. "ऑर्फिलियाबाई, तुमचा भाऊ काय आहे ते मला अजून कळत नाही, पण कळलं तर फार लोकांचं भलं होईल. तुम्ही त्याला इतकं सांभाळलंत, तुमचे उपकार आहेत." ऑर्फिलियाने तोंड उघडलं. सांगून टाकावं, आत्ता, दाराला टेकून, दोन वाक्यांत. पण तिच्या तोंडून निघालं ते, "गुळाचं पाणी घेऊन जा बाटलीत, घाटात लागेल." डॉक्टरबाई गेल्यावर तिने त्यांची ताटली दोनदा घासली. स्वतःचीच किळस येणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी चुलतबहीण फानी गेली. बोबेऱ्यानेच. तिच्या घरच्यांनी मेंदू द्यायला सही केली होती. मेदेयिनहून गाडी आली, मेंदू घेऊन गेली, आणि फानीला गावात मातीत ठेवलं. मग नऊ दिवस तिच्या घरी रोझरी. नवव्या दिवशी डॉक्टर मिर्याम येणार, हे ठरलेलं. ज्याने मेंदू दिला त्याच्या नवव्या दिवसाला त्या कधी चुकत नाहीत.

आणि फानीच्या नवऱ्याने येऊन सांगितलं, "नववी रोझरी आर्नुल्फोने म्हणावी. आमच्या पोरांच्या डोक्यावर त्याच्या तोंडचे शब्द पडू देत."

"तो कसला म्हणतोय," ऑर्फिलिया घाईने म्हणाली. "त्याचा घसा बसलाय."

"माझा घसा चांगला आहे ताई," आर्नुल्फो म्हणाला. "मला येते रोझरी. लहानपणापासून येते."

ते खरंच होतं. नाही म्हणायला ऑर्फिलियाकडे एकच कारण होतं, आणि तेच तिला सांगता येत नव्हतं.

डॉक्टरबाईंना परत घाट उतरायचा होता, म्हणून नवव्या दिवशी रोझरी नेहमीपेक्षा लवकर धरली होती, आणि फानीच्या घरी पन्नासेक माणसं होती. अंगणात बाक टाकले होते, समोर फानीच्या फोटोपुढे फुलं, मेणबत्त्या. आर्नुल्फोने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. फोटोशेजारच्या खुर्चीत तो बसला आणि त्याने खिशातून आईची जपमाळ काढली. ऑर्फिलियाला वाटलं, निदान माळ तरी बदलून द्यायला हवी होती. डॉक्टरबाई भिंतीशी उभ्या होत्या. युलियाना पुढच्या बाकावर, पोटावर हात ठेवून.

पहिलं दशक नीट झालं. "नमो मरिये, कृपापूर्णे," आर्नुल्फो म्हणायचा, आणि सगळे उत्तर द्यायचे, "पवित्र मरिये, परमेश्वराच्या माते." दुसरंही झालं. चर्चची घंटा वाजली. साडेपाच, रोजची दगड-बादलीची वेळ.

तिसऱ्या दशकाचा पहिला मणी आर्नुल्फोच्या बोटांत आला.

"दगड," तो म्हणाला.

"पवित्र मरिये, परमेश्वराच्या माते," सगळ्यांनी उत्तर दिलं. सवयीने. कोण ऐकतं रोझरीत?

"बादली."

या वेळी निम्म्यांनीच उत्तर दिलं.

"घंटा."

आता कुणीच नाही. आर्नुल्फो शांतपणे, डोळे मिटून, पुढचा मणी चाचपत होता. "पत्र," तो म्हणाला, आणि मागच्या बाकावरून म्हातारा सेबेरियानो हळूच पुटपुटला, "गवत." मग त्याला काय केलं ते कळलं आणि त्याने टोपी तोंडावर धरली. कारण हे शब्द कुणाला ठाऊक नव्हते? त्या अंगणातली निम्मी माणसं दर वर्षी त्याच मुलीसमोर बसून आली होती. कोण कोण पाठ करून जातं, हे आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आता जो तो आपल्या पायांकडे बघत होता. कार्मेन्साच्या तोंडून एक फसकन हसू निघालं आणि मध्येच विझलं.

"गवत," आर्नुल्फो म्हणाला. "गवत... गवत."

ऑर्फिलिया रुमाल शोधत होती. रुमाल हातातच होता, तरी ती पिशवीत शोधत होती, म्हणजे मान वर करावी लागू नये. हा माझा भाऊ नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. एक क्षणभरच, पण आलं. आयुष्यभर ती स्वतःला ते माफ करणार नव्हती.

आर्नुल्फोने डोळे उघडले. माणसांच्या गर्दीत त्याने तिला शोधलं, आणि रोज स्वयंपाकघरात बघायचा तसं तिच्याकडे बघितलं.

"ताई, पुढे काय?"

पन्नास माणसांची डोकी तिच्याकडे वळली. आता पळून जाता येत होतं, गप्पही बसता आलं असतं. पण तो वाट बघत होता, मणी चिमटीत धरून, अगदी विश्वासाने.

"राणी," ऑर्फिलिया म्हणाली.

"राणी."

"शिडी."

"शिडी."

"साबण. होडी." तिने पिशवी खाली ठेवली. "दिवा, बाळा. झाले दहा."

"आमेन," आर्नुल्फो म्हणाला आणि समाधानाने हसला. फानीच्या नवऱ्याने त्याच्या हातून माळ घेतली आणि उरलेली दोन दशकं स्वतः म्हटली. उत्तरं सगळ्यांनी दिली, पण फार हळू.

नंतर कॉफी देताना ऑर्फिलियाच्या वाटेतून माणसं बाजूला होत होती. ती फानीच्या स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरबाई मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"किती वर्षं?"

"सहा."

डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या. त्या ओरडतील, निदान चार शब्द सुनावतील, याची ऑर्फिलिया वाट बघत होती. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी लिहून ठेवलंय त्याच्यावर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरच्या देशात लोक ते वाचून माझ्याशी बोलतात. मका काय, झोप काय... आणि मी एकदाही विचारलं नाही की बाबा, तू घरी काय करतोस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या डोक्यात काय आहे ते मला सांगता येत नाही, नियम आहे."

"सांगू नका. मी अकरा वर्षं एकीला सांभाळलंय, मला कळतं."

"मग का केलंत?"

ऑर्फिलियाला वाटलं, म्हणावं त्याची लाज झाकायला. तो दुधाचे कॅन घेऊन खेचरं हाकतो, लोकांनी काम काढून घेतलं असतं, म्हणून. हे सगळं खरंही होतं. पण आज खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"मला परत ते करायचं नव्हतं," ती म्हणाली. "परत भरवायचं, परत धुवायचं. त्याने दहा शब्द म्हटले की मला वाटायचं, यंदा नाही. आणखी एक वर्ष मिळालं. त्याच्यासाठी नाही हो केलं, माझ्यासाठी केलं."

दार नीट लागलंच नव्हतं की काय, कुणास ठाऊक. युलियाना उंबऱ्यात उभी होती.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "फेब्रुवारीत. सरळ विचारलं होतं, आत्या."

"हो."

"तू घेवडा निवडत होतीस."

"हो गं."

युलियाना रडली नाही, ओरडली नाही, तिने ऑर्फिलियाकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी पिशवीतून सोबत्याचा कागद काढला, तो असतोच त्यांच्याकडे, आणि कॉफीचे कप सरकवून टेबलावर ठेवला.

"पहिला बदल कधी जाणवला?"

"सहा वर्षं झाली. मे महिना," ऑर्फिलिया म्हणाली. "कॅन खेचरावर लादून तो जेवायला घरी आला, आणि खेचर दुपारभर ओझ्यासकट उभं. मी हसले होते. मग त्या वर्षी त्याने दोनदा मीठ घातलं घेवड्यात. मग युलियानाच्या लग्नात..." ती थांबली.

"सांग," उंबऱ्यातून आवाज आला.

"लग्नात त्याने मला विचारलं, नवरी कुणाची आहे. मी म्हटलं, दारू जास्त झाली तुला."

डॉक्टरबाई लिहीत होत्या. ऑर्फिलिया सांगत गेली, वर्षामागून वर्ष. एक आठवलं की त्यामागून दुसरं. तिला सगळं आठवत होतं, तारखेसकट. हेच तर तिच्या नशिबी होतं.

कागद भरल्यावर डॉक्टरबाई उठल्या. "यादी बदलावी लागेल," त्या जरा स्वतःशीच म्हणाल्या. "सगळ्यांसाठीच."

"बदला," युलियाना म्हणाली. "बाळ झालं की पुढच्या वर्षी मी येणार आहे. मला जेवढे आठवतील तेवढेच आठवू देत." मग तिने प्रथमच ऑर्फिलियाकडे बघितलं. "आणि नवे शब्द आत्याच्या कानावर पडू देऊ नका."

ऑर्फिलियाने मान हलवली.

तेवढ्यात आर्नुल्फो रिकामा कप घेऊन आत आला. तिघींना एकत्र बघून त्याला बरं वाटलं. डॉक्टरबाईंच्या हातातला कागद त्याला दिसला, आणि त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा उत्सुक झाला.

"आज किती मिळाले, ताई?"

सहा वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. तो त्याचीच वाट बघत होता. ऑर्फिलियाने त्याच्या हातून कप घेतला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

"पाच," ती म्हणाली. "पाच तुझे, बाळा. बाकीचे पहिल्यापासून माझेच होते."